यंत्रांवरील मानवगुणारोप

यंत्राच्या हालचालींत इच्छा, भीती, हट्ट, जिज्ञासा असे गुण पाहण्याची माणसाची प्रवृत्ती. यंत्र माणसासारखे दिसण्याची गरज नसते. ते आपण होऊन हलले, वळले, थबकले की पुरते. फ्रिट्झ हायडर व मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरतानाचा लहानसा चित्रपट काही प्रेक्षकांना दाखवला. काय पाहिले ते लिहा, असे सांगितल्यावर ३४ पैकी एकानेच निव्वळ आकृत्यांचे वर्णन केले. बाकीच्यांना त्या आकृत्या सजीव वाटल्या.

या प्रवृत्तीचे बोलके उदाहरण म्हणजे ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधील विल्यम ग्रे वॉल्टर (१९१०–१९७७) यांची ‘कासवे’. मेंदूतील विद्युत्‌लहरींचे अभ्यासक असलेल्या वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये एल्मर व एल्सी ही तीनचाकी यंत्रे बनवली. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह (निर्वात नलिका), दोन मोटरी, एक प्रकाशघट आणि कवचाला धक्का लागल्याचे कळवणारा एक संपर्कबिंदू, बस एवढेच. पुढच्या चाकाबरोबर प्रकाशघट गोल फिरत राही. मध्यम उजेड सापडला की वळण थांबे आणि यंत्र तिकडे सरके. उजेड प्रखर झाला की पुन्हा वळे. अडथळा लागला की ढकलणे आणि वळणे आलटून पालटून चाले आणि तेवढा वेळ उजेडाकडे लक्ष नसे. (‘लक्ष नसे’ हाही आरोपच, पण त्यावाचून हे वर्णन लांबलचक होते.) बॅटरी उतरू लागली की आतल्या विद्युत मंडलाची संवेदनशीलता घटे, प्रखर दिवा दूर लोटेनासा होई आणि यंत्र दिवा लावलेल्या आपल्या खोपट्यात चार्ज होण्यासाठी शिरे. पाहणाऱ्याला वाटे, भूक लागली म्हणून घरी परतले. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये ही कासवे लोकांना दाखवण्यात आली.

सर्वांत गाजला तो आरशाचा प्रसंग. यंत्राच्या पुढच्या बाजूला एक छोटा दिवा होता. वळणारी मोटर चालू आहे की नाही, एवढेच तो दाखवी. आरशासमोर गेल्यावर यंत्राला स्वतःच्याच दिव्याचा उजेड दिसे, मोटर थांबे, त्यासरशी दिवाही विझे. उजेड गेला की मोटर पुन्हा सुरू. परिणामी ते आरशापुढे लुकलुकत, झुलत राही. वॉल्टर यांनी त्याला ग्रीक पुराणकथेत स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिससची उपमा दिली आणि प्राण्यात असे वर्तन दिसते तर ते काही अंशी आत्मजाणिवेचा पुरावा मानले गेले असते, असे नोंदवले. हे लिहिणारा भोळा प्रेक्षक नव्हता, मंडलाचा रचनाकार होता. मंडल ठाऊक असूनही भाषा प्राण्याचीच राहिली, हे या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मात्र ‘माकिना स्पेक्युलाट्रिक्स’ असे प्राणिशास्त्रीय थाटाचे लॅटिन नाव त्यांनीच दिले होते, तेव्हा प्रेक्षकांची वाटही त्यांनीच आखून दिली, असे म्हणायला जागा आहे.

व्हॅलेंटिनो ब्राइटेनबर्ग यांनी १९८४ मध्ये ‘व्हेइकल्स’ या पुस्तकात हा धागा पुढे नेला. त्यांच्या काल्पनिक गाड्यांपैकी दोन संवेदक आणि दोन मोटरी असलेल्या गाडीत तारा सरळ जोडल्या तर ती उजेडापासून पळते, तिरप्या जोडल्या तर उजेडावर चाल करून जाते. पहिलीला त्यांनी भित्री म्हटले, दुसरीला आक्रमक. त्यांचे प्रतिपादन असे की, आतून अशी रचना करणे सोपे, पण बाहेरून वर्तन पाहून ती ओळखणे अवघड. आणि बाहेरून पाहणारा तिची गुंतागुंत सहसा वाढवूनच सांगतो.