तळटीप १७ : छतातली खिडकी

‘छपरातून आभाळ दिसणारी टॅक्सी’ असे लेखकाने म्हटले आहे, ती बहुधा क्रायस्लर कंपनीची डिसोटो ‘स्कायव्ह्यू’. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती रस्त्यावरच्या गाडीच्या बाजूच्या खिडकीतून पुऱ्या दिसत नाहीत; १०२ मजली एम्पायर स्टेटचा माथा पाहायचा तर मान वरच करावी लागते. म्हणून मागच्या आसनावर छतातच खिडकी ठेवली होती. त्या काळची चेकर मॉडेल ए आणि ही टॅक्सी यांची गल्लत होते. पण चेकरचे छत मागच्या बाजूने घडी होऊन उघडत असे.

डिसोटोचे साल ओळखायला आधी नाक पाहावे. १९४२च्या मॉडेलचे पुढचे दिवे झाकणाआड लपलेले असतात. त्याच वर्षी युद्धामुळे नागरी मोटारींचे उत्पादन थांबले. १९४६ ते १९४८च्या गाड्यांचे दिवे उघडे, आणि त्यांच्यामधली रुंद जाळी बारीक उभ्या पट्ट्यांची, कंगव्याच्या दातांसारखी. लेखकाने ‘दात विचकणारी गाडी’ म्हटले आहे ते अशाच जाळीमुळे. पण उभ्या पट्ट्यांची जाळी आणि उघडे दिवे १९४१च्या मॉडेललाही होते. त्यामुळे हे वर्णन युद्धानंतरचेच मानायचे कारण नाही; प्रकरणाच्या आरंभी छापलेले १९४१ हे साल त्याच्याशी जुळू शकते.