विष्णुपुरीचे विद्यापीठ आणि स्वामीजी

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हे नागरी हक्कांच्या लढ्यातील सेनानीचे स्मारक आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ती मोडून सत्याग्रह करणाऱ्यांत स्वामीजी आघाडीवर होते आणि त्यांना तुरुंगवास झाला. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम’ म्हणण्यास मनाई झाली. ती न मानल्यामुळे तिथून काढलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. शिक्षण आणि स्वातंत्र्य यांचे नाते मराठवाड्यात असे सोसून जुळले आहे.

स्वामीजी स्वतः हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या राष्ट्रीय शाळांतले शिक्षक. म्हणून त्यांचे नाव विद्यापीठालाच सर्वाधिक शोभते. 1994 च्या जानेवारीत औरंगाबादच्या मूळ विद्यापीठाला, प्रदीर्घ नामांतर संघर्षानंतर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले होते. नवे विद्यापीठ त्यातूनच वेगळे झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि 1999 मध्ये परभणीतून निघालेला हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. स्थापनेची तारीख हीच मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची तारीख आहे.