विहीर किती खोल?

"मामा, रिपोर्ट पाठवलाय. फक्त भाषा बघ, दगड बघू नकोस." असा भाचीचा मेसेज आला. ती अमरावतीला जिऑलॉजीत एम.एस्सी. करतेय. यंदा त्यांचं फील्डवर्क पूर्णेच्या खोऱ्यात होतं आणि तिने हट्टाने आमच्या गावचा, दर्यापूरकडचा पट्टा मागून घेतला. मी उभी हयात बँकेत काढली. दगडांतलं मला पायरीचा आणि पाट्याचा एवढंच कळतं. पण रिपोर्ट या प्रकाराशी माझं जुनं वैर आहे. बँकेतले तपासणी अहवाल आठवतात ना? "तपासणीत असे आढळून आले की..." कोणाला आढळलं, कधी, आणि त्याने स्वतः पाहिलं की शिपायाने सांगितलं, हे ब्रह्मदेवालाही कळू नये अशी ती भाषा. (आमच्यापैकी निम्म्यांनी तीच भाषा पुढे घरातही वापरली. असो.)

तर त्या छत्तीस पानांच्या रिपोर्टाच्या एकोणिसाव्या पानावर तिच्या सरांनी लाल पेनाने एक वाक्य गोल केलं होतं. वाक्य असं : 'या भागात पूर्वी समुद्र होता, त्यामुळे भूजल खारे आहे.' बाजूला दोनच शब्द. 'कोणी पाहिला?'

भाची जाम चिडली होती. कारण हे तिने मनाचं लिहिलेलं नव्हतं. गावात पारावर बसलेल्या एका आजोबांनी तिला सांगितलं होतं, "समुद्र होता इथं, पोरी. नाही तं मंग हे मीठ कुठून येईन?" हे वाक्य मीही लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या आजीनेही सांगितलंय. खरं सांगायचं तर सरांनी गोल केला नसता तर मला त्यात काही खटकलंही नसतं.

मी तिला विचारलं, हा रिपोर्ट लिहायची रीत तरी काय असते? तिने फोनवरच शिकवणी घेतली. आधी जागा कुठली ते सांगायचं, टोपोशीटच्या नंबरासकट. म्हणजे अमरावती ५५-एच वर येतं, चिखलदरा ५५-जी वर. मग आपल्या आधी इथे कोण येऊन गेलं आणि त्यांनी काय लिहिलं ते. मग डोंगर-नद्या. मग खडक, सगळ्यात जुना पहिला, नवा शेवटी. थर कुठे किती कलला आहे, कुठे तुटला आहे. मग लोकांच्या कामाचं, म्हणजे पाणी, मुरूम, माती. आणि निष्कर्ष सगळ्यात शेवटी, वेगळ्या पानावर.

"वेगळ्या पानावर कशाला?"

"कारण मामा, उद्या कोणाला माझा निष्कर्ष पटला नाही तर त्याने तेवढं पान फाडावं. बाकीचा रिपोर्ट त्याच्या कामी यायला पाहिजे."

हे मला फार आवडलं. मग मी तिच्या 'आधीचे काम' या प्रकरणात शिरलो आणि तिथेच पंधरा दिवस अडकून पडलो. एरवी मुलं हे प्रकरण मागच्या वर्षीच्या रिपोर्टातून उतरवून काढतात म्हणे. पण आमच्या वऱ्हाडच्या दगडांचा इतिहास दोनशे वर्षांचा निघाला आणि त्यातली पहिलीच नोंद आमच्या गाविलगडच्या डोंगरातली!

हेन्री व्हॉयसी नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता. देशभर त्रिकोण मोजत फिरणाऱ्या कर्नल लॅम्ब्टनच्या सर्वेक्षणात तो सर्जन आणि भूशास्त्रज्ञ अशा दोन्ही कामांना नेमलेला. (तो लॅम्ब्टन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.) त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८२३ मध्ये, व्हॉयसीला गाविलगडच्या रांगेत दगड झालेले शिंपले सापडले. एप्रिलमध्ये मेळघाटात काय ऊन असतं ते तिकडच्यांना सांगायला नको. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याचा लेख नंतर एशियाटिक रिसर्चेसच्या अठराव्या खंडात छापला गेला आणि महिना-वर्ष लेखाच्या नावातच आहे : गाविलगडच्या रांगेत एप्रिल १८२३ मध्ये सापडलेले शिंपले.

आता कोणीही म्हणेल, शिंपले सापडले म्हणजे समुद्र होताच की! इथेच तर गंमत आहे. पुढे माल्कमसनने दख्खनच्या पूर्व भागातल्या अशाच जीवाश्मांवर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत निबंध वाचला, तो १८४० मध्ये छापून आला. नंतर नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या पाद्र्याने हंटरबरोबर १८५५ मध्ये नागपूर परिसरावर लिहिलं. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या या गाळात जे प्राणी मिळत होते त्यांत फायसासारख्या गोगलगायी होत्या. या गोड्या पाण्यातल्या. म्हणजे लाव्हाचा एक लोंढा येऊन गेला, त्यावर तळी साचली, गोगलगायी नांदल्या, आणि पुढचा लोंढा त्यांच्यावरून गेला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. समुद्र नाही, डबकी!

पारावरच्या आजोबांच्या बाजूनेही एक साक्ष आहे, ती लपवत नाही. २००९ मध्ये गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला अशाच मधल्या थरात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे अवशेष मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे समुद्राचा एखादा फाटा कधीतरी बराच आत आला असावा. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आमचं खारं पाणी आहे ते त्या दगडावर कितीतरी नंतर नदीने आणून टाकलेल्या गाळात. आजोबांच्या समुद्राचा आणि आमच्या विहिरीचा हिशेब जुळत नाही.

हे सगळे हौशी किंवा सर्व्हेच्या जोडीने आलेले लोक. पगारी भूशास्त्रज्ञ आले ते थॉमस ओल्डहॅमने १८५१ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे उभा केल्यावर. सरकारला कोळसा हवा होता हे उघड आहे. पण त्या निमित्ताने एक शिस्त पडली. हिवाळा सुरू झाला की तंबू, घोडा, हातोडा घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाळ्यात कलकत्त्याला बसून रिपोर्ट लिहायचा. लांबलचक ग्रंथांसाठी 'मेमॉयर्स' होतीच. छोट्या रिपोर्टांसाठी १८६८ पासून 'रेकॉर्ड्स' निघू लागले. आणि त्याच्या दुसऱ्याच खंडाच्या पहिल्या भागात, १८६९ मध्ये, आमचं गाव अवतरलं. म्हणजे गावाचं नाव नाही, पण खोरं तेच. ए. बी. विन यांचा 'पूर्णा नदीचे खोरे, पश्चिम वऱ्हाड'. हे आयरिश गृहस्थ पुढे कच्छ आणि पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगांवर लिहून नावारूपाला आले. मिठाशी त्यांची गाठ आमच्याकडे आधी पडली म्हणायची.

उत्तरेला गाविलगड, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये पूर्णेचा सपाट काळा पट्टा. दोन्ही बाजूंना काळा दगड दिसतो आणि मधे गायब. वर नुसता गाळ. तो किती खोल आहे हे विनच्या काळी कोणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. आताच्या बोअरच्या नोंदींवरून काही ठिकाणी ३०० मीटरपेक्षाही जास्त आहे. मग पोटात काय आहे ते कळावं कसं? तर विहिरींवरून. अकोल्याच्या उत्तरेला दहीहंड्याच्या बाजूला तेव्हा खाऱ्या पाण्याच्या खोल विहिरी होत्या. लोक ते पाणी आटवून मीठ काढत. सुमारे १२० फुटांपर्यंतच्या त्या विहिरी. माती, वाळू, गोटे असे थर ओलांडत गेलं की खाली खारं पाणी. अशा विहिरीत उतरून कोणी साहेब थर मोजणार नाही. ती खोली, ते थर, सगळं खोदणाऱ्यांच्या तोंडून आलेलं. आणि जुन्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते तसंच येतं, 'असं सांगतात' या शब्दांसकट. या शब्दांनी रिपोर्ट काही हलका झाला नाही. उलट आज वाचताना कुठल्या आकड्यावर पाय ठेवायचा आणि कुठल्यावर जपून, ते कळतं.

मिठाची सरकारी मक्तेदारी आली आणि तो धंदा मेला. पण विहिरी कुठे जातात? एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडात प्रश्न पडला की समुद्र कुठून आणायचा! वऱ्हाडच्या सत्याग्रहींनी दहीहंडा गाठलं आणि तिथल्या विहिरीचं खारं पाणी आटवून कायदा मोडला. साठ वर्षांपूर्वी एका भूशास्त्रज्ञाने ज्या पाण्याची नोंद केली होती तेच हे पाणी. (शाळेत आम्हाला दांडी शिकवली, दहीहंडा नाही. हे माझं कायमचं रडगाणं आहे, नातेवाईकांनी पुढे जावे.)

आज या पट्ट्याला सगळे खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून सुमारे ४,६९२ चौरस किलोमीटर, ८९४ गावं. जमीन चोपण, पाऊस पडला की चिखल, उघडला की भेगा. पाणी ना पिकाला चालत ना पोटाला. मीठ आलं कुठून याला अभ्यासक जी कारणं देतात त्यांत निचरा न होणारं खोरं, चिकण माती आणि पूर्वीचे कोरडे काळ, पाणी आटून क्षार मागे राहणं, हे येतं. समुद्र लागत नाही.

आता आमच्या विहिरीकडे येतो. खरं तर तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं.

ही विहीर आजोबांनी १९५०च्या आसपास खोदवली. घरात लहानपणापासून ऐकलेली कथा अशी की पाणी गोड होतं, चाळीस हातांवर. १९७२ च्या दुष्काळात धाकट्या काकाने कोणाचं न ऐकता ती साठ हातांवर नेली आणि खाली खारा झरा फुटला. संत्र्याची झाडं गेली. आजोबा काकाशी नीट बोलले नाहीत ते शेवटपर्यंत. काकाने अकोटला जिनिंगमध्ये काम धरलं आणि पुढे तो अखजीलाही गावी आला नाही. मी ही कथा स्वतः कितीदा रंगवून सांगितली असेन. मागे एका लग्नात तर काकाच्याच मुलासमोर.

भाचीने रिपोर्टात या विहिरीला क्रमांक ७ दिला आहे. दोराला दगड बांधून आणि टेप लावून तिने ती मोजली. पाणी ३८ फुटांवर. गाळाचा तळ ६३ फुटांवर, म्हणजे बेचाळीस हात. विटांचं बांधकाम पाण्यापर्यंत एकसारखं, त्याखालचं दिसत नाही. गाळ किती आहे ते मोजलेलं नाही. मग तिने पाण्यात मीटर बुडवून खारेपणा मोजला : ३,१०० मायक्रोसीमेन्स. हे एकक मला अजून एका दमात म्हणता येत नाही. आणि बांधापलीकडची विहीर क्रमांक ८, जी उथळ आहे आणि कोणी कधी खोल केल्याचं गावात कोणी म्हणत नाही, तिचा आकडा २,९५०.

मी हे दोन आकडे कितीतरी वेळ बघत बसलो.

त्याखाली तिने 'ऐकीव माहिती' असं नवं उपशीर्षक टाकलंय, लाल गोलानंतरचं. तिथे समुद्र आहे, आजोबांच्या तोंडचा म्हणून. आणि तिथेच आहे : 'विहीर क्र. ७ ही १९७२ मध्ये खोल केल्याचे मालकाच्या नातेवाईकांकडून समजले.' नातेवाईक म्हणजे मी. निष्कर्षाच्या पानावर विहीर क्रमांक ७ चा उल्लेखच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "दोन विहिरींवरून मी काय सांगणार मामा? खोल केली असेलही. त्यानेच खारी झाली असं मात्र मला म्हणता येत नाही."

रविवारी अकोटला काकाच्या मुलाला फोन लावला. ते दोन परिच्छेद आणि दोन आकडे वाचून दाखवले. आधी काही बोललाच नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "दादा, बाबानं इहीर खोल केलीच नव्हती. गाळ काढला होता निस्ता. मी होतो ना संगं, बादली वढाले."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कोनं इचारलं?"

संध्याकाळी भाचीला कळवलं. रिपोर्ट द्यायला अजून चार दिवस होते. ती म्हणाली, ऐकीवमध्ये दुसरी नोंद घालते, तुझ्या नोंदीखालीच. दोन्ही राहू देत. आणि मग, "मामा, त्या वेळी त्याचं वय काय होतं? ते लिहावं लागेल."

मी म्हटलं, लिही. सात.