सुताराचा लोखंडी गडी

मागच्या भागात रंध्याबद्दल बोललो, तेव्हा सांगितलं होतं की पुढच्या वेळी एखादं अवजार स्वतः करून बघतो. केलं. आधी ते चाललं नाही, तेही सांगतो.

वस्तू अगदी साधी. लोखंडाची जाड सळई, वरून छत्रीच्या मुठीसारखी वाकवलेली. सुतारकामाच्या टेबलाला आरपार भोक असतं, त्यात ही सळई सैलसर बसते. वाकलेल्या टोकाखाली फळी ठेवायची आणि वरून हातोड्याचा एक ठोका. फळी घट्ट! सोडवायची तर सळईला मागून टपली मारायची. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. इंग्रजीत याला होल्डफास्ट म्हणतात. फ्रेंच सुतार म्हणतात ‘व्हॅले’, म्हणजे घरगडी. मला हेच नाव पटलं. फळी धरून बसायला दुसरा माणूस लागतो, त्याच्या जागी हा.

गडी किती जुना? इटलीत व्हेसुव्हियसच्या इ.स. ७९ च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावात एक भित्तिचित्र सापडलं. पंख असलेली दोन पोरं करवतीने फळी कापतायत, आणि टेबलात खुपसलेलं एक वाकडं लोखंड ती फळी दाबून धरतंय. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षं झाली, आणि घडण बदललेली नाही. आमच्या क्षेत्रात दोन वर्षांपूर्वीचा कोड बघून लोक नाक मुरडतात.

पुढे १६७८ पासून लंडनमध्ये जोसेफ मॉक्सन नावाच्या छापखानेवाल्याने कारागिरांच्या हुन्नरांवर पुस्तिका काढायला सुरुवात केली. एकेक भाग, सुटा विकायचा. (पॉडकास्टच की!) त्यात सुताराच्या टेबलाबरोबर होल्डफास्टही आहे. पण खरा माणूस पॅरिसचा, आंद्रे-जाकोब रूबो. सुताराचा मुलगा, स्वतः सुतार. १७६९ पासून त्याचा सुतारकामावरचा भलामोठा ग्रंथ भागाभागाने आला, तोही फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या मालिकेत. कारागिरांबद्दल लिहिणारे बहुतेक लोक बघून लिहायचे. हा करून लिहायचा. त्याचं टेबल म्हणजे एकच जाडजूड फळा, पाच-सहा इंचांचा, त्यावर भोकं आणि भोकात गडी.

मी नक्कल केली ती याचीच. गावचं जुनं घर उतरवलं तेव्हाची सागाची तुळई होती, १२५ मिलिमीटर जाड. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून १८ मिलिमीटरची सळई तापवून वाकवून घेतली, टोक ठोकून चपटं केलं. तुळईला २० मिलिमीटरचं भोक पाडलं. ठोका मारला. गडी निवांत वर सरकला. अजून जोरात मारला, तरी तेच.

रात्री वही घेऊन बसलो. फळी टोकाला वर ढकलते, त्यामुळे सळई भोकात तिरकी होते आणि दोनच जागी रुतते: एका बाजूला भोकाच्या वरच्या काठाला, दुसऱ्या बाजूला खालच्या. या दोन जागांचं घर्षण तिला अडवतं. गणित मांडलं तर ठोक्याचा जोर दोन्ही बाजूंनी कटून जातो! उरतं एवढंच: दोन गुणिले घर्षणांक, गुणिले हाताची लांबी, भागिले लाकडाची जाडी. उत्तर एकाच्या वर आलं तर पकडतो, खाली आलं तर सुटतो. माझ्या गड्याचा हात १५० मिलिमीटर. घर्षणांक ०.३ धरला तर उत्तर ०.७२. रूबोच्या चित्रातल्या गड्याचा हात चांगला लांब आहे, हे मी बघितलंच नव्हतं.

उपाय म्हणजे तुळई उलटी करून खालून रुंद भोक पाडलं, ६५ मिलिमीटर खोल. अरुंद भोक उरलं ६० मिलिमीटरचं, उत्तर झालं १.५. शिवाय फॅब्रिकेशनवाल्याने सळई हौसेने चकचकीत केली होती, ती पॉलिश पेपरने आडवी घासून खरखरीत केली.

हे सगळं आजोबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी पन्नास वर्षं सुतारकाम केलं, तेही जमिनीवर बसून, फळी पायाखाली दाबून. लोकांच्या घरी जाऊन काम करायचं, पिशवीत रंधा, करवत, पटाशी, वाकस. टेबल कुठे नेणार? पायच त्यांचा गडी. डाव्या पायाच्या अंगठ्याजवळ एक लांब व्रण आहे. पटाशी सटकली होती. तीन महिने काम बंद, आणि आजीने त्या पावसाळ्यात पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, हे मला वडिलांकडून कळलं. आजोबा त्याबद्दल बोलत नाहीत.

मी त्यांच्या हातात हातोडा दिला. त्यांनी ठोका मारला, फळी दोन्ही हातांनी हलवून बघितली. टपली मारून सोडवली. परत मारली. असं चार-पाच वेळा.

“लोहार तर शेजारीच राहायचा रे,” म्हणाले.

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, लांब फळीला एकाने भागणार नाही, टोकाकडून फिरते, दुसरा करून घे. काल त्याची सळई आणली. या वेळी हात २०० मिलिमीटरचा ठेवतोय.