सायकलस्वाराची साखर

बेंगळुरूहून नंदी टेकडी गाठून परतायचे, तर सायकलवर सुमारे १२० किलोमीटर होतात. स्वाराच्या खिशातील जेलचा इतिहास मात्र शतकभर मागे जातो.

१९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले; गलितगात्र झालेल्यांची रक्तशर्करा फार खालावली होती. पुढल्या वर्षी काहींना धावतानाच गोड गोळ्या दिल्या आणि ते तरतरीत राहिले.

१९६० मध्ये प्रागला रॉबर्ट क्रेन यांनी आतड्यात ग्लुकोज सोडियमच्या सोबतीने शोषले जाते, अशी कल्पना मांडली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवले, ते याच तत्त्वावर. (छावणीतले जीवदान आणि स्वाराचे महागडे जेल एकाच दारातून आत शिरतात!)

हे दार अरुंद आहे. तासाला सुमारे ६० ग्रॅमपलीकडे ग्लुकोज त्यातून जात नाही. फ्रुक्टोजचा वाहक निराळा. म्हणूनच २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्मिंगहॅमच्या प्रयोगांत दोन्ही शर्करा एकत्र दिल्यावर सायकलस्वारांच्या शरीरात अधिक साखर जळाली.

मग शेंगदाण्याची चिक्की? गुळातले सुक्रोज म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजची जोडीच. परंतु दाण्यांतील स्निग्धांशामुळे जठर सावकाश रिकामे होते. चिक्की सपाटीवर खावी. नंदीच्या चढावर केळे किंवा जेल, आणि वर पाणी.