होळकर : एका आडनावाचा प्रवास

इंदूर नगरीत 'होळकर' हा शब्द ठायी ठायी कानी पडतो. शिवाजीराव महाराजांनी 1891 मध्ये स्थापन केलेले महाविद्यालय होळकरांच्या नावाचे, कर्नल सी. के. नायडू यांच्या काळात नावारूपास आलेला आणि 4 वेळा रणजी करंडक जिंकणारा क्रिकेट संघ होळकरांच्या नावाचा. 2010 मध्ये क्रीडांगणाचे नामांतर झाले तेव्हा त्यालाही तेच नाव मिळाले. परभाषिक माणसाला तर 'होळकर' ही एखादी राजपदवीच वाटते. वस्तुतः हा शब्द म्हणजे एका लहानशा खेड्याचा पत्ता आहे. त्या पत्त्यावरून निघालेले नाव माळव्यातील एका राज्याला कसे लाभले, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण मराठी आडनावांचे मर्म उकलून दाखवणाराही आहे.

मराठी आडनावांची घडण अनेक प्रकारची आहे. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही नावे वतनावरून आली. फडणीस, मुजुमदार, चिटणीस ही दरबारी कामावरून. शिंदे, पवार, मोरे ही कुळावरून. यांखेरीज एक फार मोठा वर्ग गावाच्या नावाला 'कर' हा प्रत्यय लागून झालेल्या आडनावांचा आहे. 'कर' म्हणजे 'तेथला', 'त्या गावचा'. या प्रत्ययाचा गुण असा की, तो गावात असेतोवर निरर्थक असतो. ज्या गावात सारेच तेथले, त्या गावात एकालाच 'तेथला' म्हणून कोण ओळखणार? माणूस वेशीबाहेर पडला, परक्या मुलखात राहू लागला, म्हणजेच लोक त्याला त्याच्या मूळ गावाच्या नावाने हाक मारू लागतात. तेव्हा 'कर' लावलेले आडनाव हे बहुधा स्थलांतराची नोंद असते. त्यात माणूस कोठे आहे हे नसते. तो कोठून निघाला हे असते.

होळकरांचे होळ हे नीरेच्या काठचे, जेजुरीच्या टापूतले गाव. या धनगर घराण्याचे त्याहून जुने आडनाव वीरकर होते, असे परंपरा सांगते. वीर हेही त्याच नीरेच्या खोऱ्यातले गाव. ही परंपरा खरी मानली, तर वीर सोडल्यावर हे कुटुंब वीरकर झाले आणि होळमध्ये काही काळ राहून पुढे निघाल्यावर होळकर झाले. गाव बदलले तसे नाव बदलले.

याच घराण्यातील खंडोजींच्या पोटी 1693 मध्ये मल्हारराव जन्मले. बालपणीच पितृछत्र हरपले आणि आईने मुलाला घेऊन खानदेशातील तळोदे येथे आपल्या भावाचे, भोजराज बारगळांचे, घर गाठले. आज हे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. मामाच्या गावी वाढणाऱ्या या मुलाची 'होळचा' अशी ओळख सांगितली जाणे स्वाभाविक होते. मामाची कन्या गौतमाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते पेशव्यांच्या सेवेत शिरले, बाजीरावांच्या माळव्यातील मोहिमांत त्यांची तलवार गाजली, आणि 1734 मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली. मेंढपाळांच्या वस्तीतून निघालेले नाव आता सरदारकीच्या सनदांवर लिहिले जाऊ लागले.

अठराव्या शतकात उदयास आलेल्या मराठी राजघराण्यांकडे पाहिले, तर येथे एक विशेष ध्यानात येतो. ग्वाल्हेरचे शिंदे, धारचे पवार, बडोद्याचे गायकवाड, नागपूरचे भोसले यांपैकी एकाचेही आडनाव गावावरून आलेले नाही. शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड. पण ते कण्हेरखेडकर झाले नाहीत. या पंक्तीत 'कर' लावणारे घराणे एकटे होळकरांचे. सत्ता, संपत्ती आणि लांबलचक किताब प्राप्त झाल्यावरही त्यांनी नीरेकाठचा तो साधा पत्ता टाकला नाही.

अशाच प्रकारचा एक प्रवास सातासमुद्रापलीकडे घडला आहे. इंग्लंडच्या उत्तरेस डरॅम परगण्यात बाराव्या शतकात हर्टबर्नचा विल्यम नावाचा एक सरंजामदार होता. त्याला हर्टबर्नऐवजी वॉशिंग्टन हे गाव मिळाले, तेव्हा त्याने जुने नाव सोडून नव्या गावाचे नाव धारण केले. त्याच्या वंशातील एक पुरुष सतराव्या शतकात अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत गेला. त्याचा पणतू जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला आणि 1791 मध्ये त्या देशाच्या नव्या राजधानीला त्याचे नाव देण्यात आले. वीरकरांचे होळकर व्हावेत, तसेच हे हर्टबर्नचे वॉशिंग्टन झाले. दोन्हीकडे एका खेड्याचे नाव माणसाला चिकटले, माणसाबरोबर दूरदेशी गेले आणि तेथे मूळ गावाहून कितीतरी मोठे झाले.

होळकर हे नाव किती दूरवर पोचले, त्याच्या खुणा आजही दिसतात. पुणे जिल्ह्यातील वाफगावी त्यांचा किल्ला आहे. चांदवडला रंगमहाल आहे. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव 1754 मध्ये भरतपूरजवळ कुंभेरच्या वेढ्यात पडले. स्वतः मल्हाररावांनी 1766 मध्ये आलमपूर येथे देह ठेवला. त्यांची छत्री तेथे उभी आहे. काशीच्या विश्वेश्वराचे मंदिर 1780 मध्ये अहिल्याबाईंनी पुन्हा उभारले. पहिले यशवंतराव 1805 मध्ये इंग्रजांशी झुंजत पंजाबात थेट बियास नदीपर्यंत गेले, आणि 1811 मध्ये भानपुऱ्यास निवर्तले.

मात्र एकच नाव सर्वत्र एकाच अर्थाने घेतले गेले नाही. काशीच्या घाटावर आणि महेश्वरच्या नर्मदातीरी ते भक्तिभावाने उच्चारले गेले. पुण्यात त्याची आठवण निराळी होती. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतरावांनी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, आणि दुसरे बाजीराव पुणे सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेले. पुणे प्रांतातून बाहेर पडलेले नाव सुमारे शतकाने जेते म्हणून त्याच प्रांतात परतले आणि तेथे धास्तीचे कारण झाले. आडनाव कीर्ती वाहते, तशी अपकीर्तीही वाहते.

हे नाव केवळ रक्ताच्या धाग्याने टिकले असेही नाही. मल्हाररावांचे नातू मालेराव 1767 मध्ये वारले आणि थेट वंश खुंटला. त्यानंतर नावाची धुरा वाहिली ती सुनेने. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची ही कन्या. माहेरचे आडनाव शिंदे, आणि 'होळकर' या शब्दाला तिच्याइतकी पुण्याई दुसऱ्या कोणी मिळवून दिली नाही. सैन्याचा भार तिने तुकोजी होळकरांवर सोपवला; तेही मल्हाररावांचे औरस पुत्र नव्हते. 1795 पर्यंतच्या तिच्या कारभारानेच हे नाव लोकांच्या मनात स्थिर झाले.

पुढे 21 डिसेंबर 1817 च्या महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी राजधानी इंदुरास आली. इंग्रजांच्या कागदपत्रांत राजाचे पाळण्यातले नाव मागे पडून नुसते 'होळकर' एवढेच लिहिण्याचा प्रघात होता. व्यक्ती, गादी आणि राज्य यांना मिळून एकच शब्द. दुसऱ्या तुकोजीरावांनी 1870 मध्ये 1 कोटी रुपयांचे कर्ज देऊन खांडवा–इंदूर लोहमार्गास चालना दिली, तेव्हा त्या रेल्वेचे नावही 'होळकर स्टेट रेल्वे' असेच पडले. गावाचे नाव माणसाला मिळाले होते. आता माणसाचे नाव आगगाडीला मिळाले.

राजाबरोबर प्रजाही आली. दक्षिणेतून माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांनी आपापली गावे आडनावांत बांधून आणली. इंदुरात कित्येक चित्रकार घडवणारे कलागुरू देवळालीकर, किंवा ज्यांना सारे शहर 'गुरुजी' म्हणे ते विष्णू चिंचाळकर, यांच्या आडनावांकडे पाहावे. लता मंगेशकरांचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदुरातच झाला. त्यांचे आडनाव गोमंतकातील मंगेशी गावाचे, आणि ते पिता दीनानाथांनी आपल्या जन्मगावावरून घेतलेले. जन्म एका गावी, नाव दुसऱ्या गावचे, कर्मभूमी तिसऱ्या गावी : 'कर' लावणाऱ्या मराठी माणसाची ही ठरलेलीच रीत.

1948 मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि 1956 मध्ये मध्य प्रदेश अस्तित्वात आला. राज्य गेले, नाव राहिले. माळव्यातील मराठी घरांत पिढ्यांमागून पिढ्या हिंदीत शिकल्या. काही घरांत मोडी दप्तरे वाचणारे कोणी उरले नाही. काहींत मराठी केवळ आजीशी बोलण्यापुरती राहिली. अशा घरांत आडनाव हा मराठीचा शेवटचा शब्द असतो. त्याचा अर्थ विसरला, तर घर आपला मागचा रस्ताच विसरते. आणि तो ठाऊक असला, तर नकाशावर बोट ठेवून मुलांना एक नदी, एक वेस, एक ग्रामदैवत दाखवता येते.

माळव्याचे धनी झाल्यावरही होळकर स्वतःला होळचेच म्हणवीत राहिले, यात मोठे शहाणपण आहे. जे घराणे आपण कोठून निघालो हे रोजच्या सहीत लिहिते, त्याला आपला आरंभ लपवावा लागत नाही. इंदुरातील ज्या कुणाच्या नावाअखेर 'कर' आहे, त्याने आपल्या आडनावातले ते गाव एकदा तरी शोधून काढावे.