केलेले आणि लिहिलेले

'डीड म्हणजे काय?' असे मी एकदा इंग्रजीच्या तासाला विचारले. 'कृत्य', 'काम' अशी उत्तरे आली. मागल्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, 'खरेदीखत!' सारा वर्ग हसला. खोटे कशाला बोलू, मीही हसलो. चूक आमची होती.

हा शब्द 'करणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून आला. 'डू' त्याचे सख्खे भावंड, जर्मन 'टाट' चुलत, आणि आपला संस्कृत 'धा' दूरचा सोयरा. मग 'केलेले' याचा कागद कसा झाला?

मध्ययुगीन इंग्लंडात जमीन द्यायची तर दोघे शेतावर जात. देणारा साक्षीदारांसमक्ष मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हाती ठेवी. हीच खरी देवघेव. लेख केवळ तिची आठवण. परंतु साक्षीदार मरतात, लेख उरतो! हळूहळू मोहोर करून लेख दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हीच कृती ठरली. कायद्याच्या लॅटिनमध्ये अशा लेखाला 'फॅक्टम', म्हणजे 'केलेले', म्हणत. १६७७ च्या कायद्याने जमिनीच्या व्यवहाराला लेखी पुरावा आणला, आणि १८४५ च्या कायद्यानंतर ढेकळावाचून नुसत्या लेखाने जमीन देता येऊ लागली.

आपल्याकडे तरी निराळे काय घडले? दान देताना हातावर पाणी सोडीत, मग ताम्रपट कोरीत. 'उदक सोडणे' हा वाक्प्रचार त्यातलाच. मनुस्मृतीत तर ऋणाच्या दस्तालाच 'करण' म्हटले आहे. तोही 'करणे' याच धातूचा! पुढे १८८२ च्या कायद्याने शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराच्या विक्रीला नोंदलेला दस्त आवश्यक केला.

तास संपल्यावर मी त्या मुलाला जवळ बोलावले. 'हा अर्थ तुला कोणी सांगितला?' तो खाली मान घालून म्हणाला, 'वकिलांनी. बाबांनी गहाणखत समजून अंगठा उठवला होता, गुरुजी. ते खरेदीखत निघाले.'

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिले, आणि वर्गाला सांगितले की काल बरोबर उत्तर देणाऱ्याला आपण हसलो. मग त्या महिन्यात इंग्रजीचा एक तास मी घरचे जुने दस्त वाचायला शिकवण्यात घालवला.